डार्क स्टारची वही : पाचवा महिना

मंडळी, ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचं 'डार्क स्टार' हे गाणं तारखेच्या क्रमाने ऐकायला घेतलं त्याला पाच महिने झाले. या महिन्यात १९७२चा ऑगस्ट गाठला. बँडने हे गाणं दोनशेहून जास्त वेळा मंचावर वाजवलं, तेव्हा पल्ला मोठा आहे. घाई नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं मागचं. १९६७च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात रिओ निडो इथे बँडची तालीम चालली होती. ती कानावर पडत असताना बँडचा गीतकार रॉबर्ट हंटरने पहिलं कडवं लिहिलं. १९६८च्या एप्रिलमध्ये सिंगल निघालं. तीन मिनिटांच्याही आतलं, शेवटी बॅन्जो आणि हंटरचं बोलणं. खपलं नाही. मला ते बंदिशीचे शब्द नुसते म्हणून दाखवल्यासारखं वाटतं. विस्तार झाला तो मंचावर.

वहीत आधी मी फक्त लांबी लिहायचो. आता पहिलं कडवं केव्हा येतं तेही टिपतो, कारण तोवर जे घडतं त्यातच त्या रात्रीचा स्वभाव कळतो. 'लाइव्ह/डेड' या अल्बमवरचं घ्या : २७ फेब्रुवारी १९६९, सॅन फ्रान्सिस्कोतलं फिलमोर वेस्ट सभागृह, सुमारे २३ मिनिटं. गायक-गिटारवादक जेरी गार्सिया तोंड उघडतो सहा मिनिटांच्या आसपास. त्याआधी फिल लेशचा बास ठेका धरून बसत नाही, गिटारच्या सुरांना उत्तरं देत फिरतो. हेडफोन लावून ऐकलंत तर गिरोवर (खाचा पाडलेलं तालवाद्य) काडी घासल्याची खरखर ऐकू येईल. मला ती तिसऱ्या खेपेला सापडली आणि त्यानंतर तिच्याशिवाय हे वादन डोळ्यांपुढे येईना.

एक दुरुस्ती. माझ्याकडच्या काही टेपांत आधी वाद्यं जुळवण्याचा वेळ धरलेला होता, त्यामुळे १९७०च्या चार नोंदी चुकल्या. चारही पुन्हा ऐकून नव्याने लिहिल्या.

१९७२च्या युरोप दौऱ्यात दोन संध्याकाळी गेल्या त्या एकट्या रॉटरडॅमवर, ११ मे. पाऊण तासाच्या वर! त्याहून मला २७ ऑगस्टचं व्हेनेटा, ओरेगॉन जवळचं वाटतं. लेखक केन कीझीच्या कुटुंबाच्या डेअरीच्या मदतीसाठी उघड्या मैदानात, भयंकर उन्हात झालेला कार्यक्रम. कडवं एकच गायलंय, बाकी सगळा अर्धा तास वाद्यांचा. पार विस्कटून गेलेल्या त्या कल्लोळातून बँड सरळ 'एल पासो' या कंट्री गाण्याच्या तीन मात्रांच्या चालीत उतरतो. तो जोड मी सात वेळा मागे घेऊन ऐकला. नेमकं वळण कुणी घेतलं ते अजून ठरवता येत नाहीये.

गिटारवर सुरुवातीची ओळ आता बसली. ए आणि जी या कॉर्डांमध्ये रेंगाळायचं जमतंय. कडव्यापाशी ई मायनरवर जाताना मात्र हात घाई करतो. रोज वीस मिनिटं तेवढंच घेतोय.

पुढच्या महिन्यात १९७३, मग ऑक्टोबर १९७४चं सॅन फ्रान्सिस्कोतलं विंटरलँड सभागृह. त्यानंतर गाणं थेट ३१ डिसेंबर १९७८ला परतलं, आणि ऐंशीच्या दशकात पुन्हा जवळजवळ गायब. क्रम मोडून एक मात्र ऐकलंच : ९ ऑक्टोबर १९८९, हॅम्प्टन, व्हर्जिनिया. पाच वर्षांनी पहिले सूर वाजतात, आणि लोकांच्या ओरडण्यात पुढचे काही क्षण गिटारच ऐकू येत नाही.