साठ छर्रे, दीड तास

क्लबने हौशी नेमबाजांसाठी १० मीटर एअर पिस्तुलाची स्पर्धा जाहीर केली आणि आमच्या प्रशिक्षक सरांनी मला न विचारताच माझं नाव यादीत घातलं. सर सैन्यातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, आता बडोद्यात मांजलपूरला घर करून राहिलेले. "ताई, सरावात सगळेच चांगले मारतात," एवढंच म्हणाले आणि पुढच्या लेनकडे वळले.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात बातमी कळल्यावर सासूबाईंनी एकच विचारलं, "त्याला लायसन्स लागतं का गं?" प्रश्न बरोबर होता. ज्याची नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नाही आणि ज्याची ताकद २० ज्यूलच्या आत आहे, अशा हवेच्या शस्त्राला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. २५ मीटरचं पॉइंट टू टू, म्हणजे खऱ्या गोळीचं पिस्तूल हातात घ्यायचं म्हटलं की मात्र परवान्याचं सगळं प्रकरण सुरू होतं. म्हणून आमच्यासारखे पोटापाण्याचे उद्योग सांभाळून येणारे लोक बहुतेक दहा मीटरवरच असतात.

माझा मामेभाऊ टेक्सासमध्ये असतो. तो तिकडे प्रॅक्टिकल पिस्तूल खेळतो. त्याने पाठवलेले व्हिडिओ बघून घरातली मुलं मला विचारत होती, "तू पण अशी पळणार?" भावाच्या त्या खेळात बझर वाजला की कमरेचं पिस्तूल काढून पळत सुटायचं, पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवर नेम धरायचा, लोखंडी पत्रे पाडायचे. मिळालेले गुण लागलेल्या सेकंदांनी भागतात, त्याला ते हिट फॅक्टर म्हणतात. माझा एक छर्रा सुटायला पाऊण-एक मिनिट लागतो हे ऐकून भाऊ खो खो हसला. पण एक गोष्ट त्याने गंभीरपणे सांगितली: नळीचं तोंड चुकून मागे वळलं तर तिथल्या तिथे बाद करतात, कितीही नावाजलेला असो. आमच्याकडेही तसंच. नळी सदैव लक्ष्याकडे, आणि खाली ठेवलेल्या पिस्तुलातून भडक रंगाची सेफ्टीची दोरी आरपार गेलेली दिसली पाहिजे.

नावनोंदणीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आधार कार्ड, फोटो, फी. जन्मतारीख पाहून मला पंचेचाळिशीपुढच्या मास्टर गटात टाकलं. फलकावर लिहिलं होतं की गटात तिघींपेक्षा कमी असतील तर पदक नाही. आम्ही दोघी होतो. म्हणजे पदकाचा प्रश्न स्पर्धेआधीच मिटला, आणि मला ते बरंच वाटलं.

खरी गंमत साहित्य तपासणीला. पिस्तूल ४२ सेंटिमीटर लांब, २० उंच आणि ५ रुंद अशा पेटीत बसलं पाहिजे, वजन दीड किलोच्या आत. मग ट्रिगरची परीक्षा: नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि हळूच उचलतात. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. बुटांनी घोटा झाकायचा नाही. मग तपासनीस बाईंनी माझ्या उजव्या हाताकडे बोट केलं. पिस्तूल धरायच्या हातात घड्याळ, पट्टा, कडं, मनगटाला आधार देईल असं काहीही चालत नाही. सोन्याच्या पाटल्या काढून रुमालात बांधल्या, पर्समध्ये ठेवल्या, आणि पुढचा सगळा वेळ अर्धं लक्ष त्या पर्सकडे. हा मानसिक ताण कुठल्याही नियमपुस्तिकेत नसेल.

क्लबच्या पिस्तुलाची मूठ मोठ्या पुरुषी पंज्यासाठी कोरलेली आहे. त्यामुळे अंगठ्याखाली आणि तळव्याच्या पोकळीत लाकडाची पुट्टी भरून, घासून, परत भरून मी ती माझ्या हाताजोगी केली होती. नवीन येणाऱ्या बायकांना मी हेच सांगते: पिस्तूल कुठल्या कंपनीचं ते नंतर बघा, आधी मूठ बघा.

भिंतीवर मावळणकर स्पर्धेचं जुनं पत्रक लावलेलं होतं. राष्ट्रीय स्पर्धेची वाट त्या स्पर्धेवरून जाते. नाव गणेश वासुदेव मावळणकरांचं, लोकसभेचे पहिले सभापती. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्षही तेच. कर्मभूमी अहमदाबाद, पण जन्म १८८८ चा, आमच्या बडोद्यातला! रांगेतल्या पोरांना मी हे सांगितलं. त्यांनी नम्रपणे माना डोलावल्या आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

पहिली पंधरा मिनिटं तयारीची आणि चाचणीच्या छऱ्यांची, हवे तेवढे मारा. त्यानंतर मोजणी सुरू. कागदी कार्डांवर ६० छऱ्यांना ९० मिनिटं, इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तर ७५. आमच्याकडे कार्डं, दोरीच्या कप्पीवरून जाणारी-येणारी. मधला दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा.

लोकांना वाटतं नेम म्हणजे लक्ष्याकडे टक लावून बघणं. उलट आहे. डोळा पिस्तुलाच्या पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकाजवळच्या नेम धरायच्या खुणेवर ठेवायचा, ती काळी कुळकुळीत आणि धारदार दिसली पाहिजे. लक्ष्याचा काळा गोल धुरकट दिसला तरी चालतो, तसाच दिसला पाहिजे. आणि नेम गोलाच्या मध्यावर नाही, त्याच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर. हात वर न्यायचा, श्वास सोडत खाली आणायचा, थांबायचं, ट्रिगरवर दाब वाढवत न्यायचा. आठ-दहा सेकंदांत सुटला तर ठीक. त्यापुढे डोळा थकतो, हात डुलायला लागतो, आणि मन म्हणतं, "आता झाडून टाक एकदाचा." तिथेच हात खाली आणायचा, न झाडता. पिस्तूल टेबलावर टेकवायचं, दोन श्वास घ्यायचे, पुन्हा पहिल्यापासून.

सगळी स्पर्धा मला तरी एवढ्यातच दिसली. चांगला छर्रा कसा मारायचा ते थोड्या सरावाने येतं. वाईट मारायचा नाही, हे मात्र दर वेळी नव्याने ठरवावं लागतं, आणि घड्याळ समोर असताना, शेजारी फटाफट मारत असताना तो हात खाली आणणं जिवावर येतं. मी जितक्यांदा झाडलं त्याच्या निम्म्या वेळा तरी नुसताच हात खाली आणला असेल. मागे बसलेल्या पालकांना ही बाई करतेय काय, असं वाटत असणार.

साठ छर्रे दहा-दहाच्या सहा मालिकांत मारायचे. तिसऱ्या मालिकेत एकच छर्रा मारून कार्ड ओढून घेतलं तर त्यावर दोन भोकं. एक नऊ, एक सात. शेजारच्या लेनवर चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याचा चेहरा उतरलेला. "काकी, मारो तमारा पर गयो." मी हात वर केला. रेंज ऑफिसर आले, दोन्ही कार्डं पाहिली, मुलाचं कार्ड कोरं. नियम असा, की कुठला छर्रा कुणाचा हे ठरवता येत नसेल तर कार्डाच्या मालकाला जास्तीचे गुण, आणि भलत्या लक्ष्यावर मारणाऱ्याला शून्य. सात माझा असावा असं मला वाटत होतं. पण वाटणं हा पुरावा नव्हे, आणि छर्रा सुटताना मी डोळे मिचकावले होते की नाही हेही मला सांगता आलं नसतं. मला नऊ मिळाले. "बेन, तमे चालु राखो," म्हणून ऑफिसर गेले. त्या मुलाने मात्र कमाल केली. पिस्तूल ठेवलं, पाणी प्यायला, खुर्चीवर दोन मिनिटं डोळे मिटून बसला आणि उठून पुढचे सगळे नऊ-दहा मारले. मला ते बघायला नको होतं, कारण माझी पुढची मालिका त्यातच गेली.

गुण मोजायच्या टेबलाशी बराच वेळ उभं राहावं लागतं. रेषेवरच्या भोकात गेज घालतात. छऱ्याची कड रेषेला नुसती टेकली असेल तरी वरचे गुण. माझे दोन आठ असे नऊ झाले, एका नऊचा दहा झाला नाही. एकूण ६०० पैकी ४९७. मनू भाकरने २०२४ मध्ये पॅरिसला पात्रता फेरीत ५८० मारले होते. तेव्हा तो आकडा मी बातमीत नुसता वाचला होता, आता तो वाचताना हात दुखतो.

छर्रे शिशाचे असतात, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय कुणी खायला बसायचं नाही, हा सरांचा दंडक. हात धुवून, पाटल्या चढवून सगळ्यांबरोबर सेव उसळ खायला गेले. सरांनी तिथेच कागदावर माझ्या सहा मालिकांच्या वेळा लिहिल्या. ज्या मालिकेत मी घाई केली होती तिचे गुण सर्वांत कमी. त्याखाली त्यांनी लिहिलं: पुढचे काही आठवडे छर्रा नाही, फक्त ड्राय फायरिंग, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा सराव, रोज, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून. राज्य स्पर्धेचा फॉर्म भरायचा का, असं विचारलं तर म्हणाले, "आधी भिंत."

फॉर्मची शेवटची तारीख मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे. भिंतही सुरू आहे, देवघराशेजारची, कारण घरात तेवढीच रिकामी सापडली.