कार्बोरेटरच्या गाडीला इंजेक्शनचा पंप

"चढावर गाडी दम टाकते, जरा थांबलं की पुन्हा चालते," गृहस्थ म्हणाले आणि पिशवीतून नवाकोरा इलेक्ट्रिक पंप काढून माझ्या हातात ठेवला. "हाच बसवा. जोरदार आहे."

पंपावर दाब छापला होता 3 बार, म्हणजे तो फ्युएल इंजेक्शनच्या, जास्त दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीचा. यांची गाडी कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाची. तिला साधारण 4 ते 6 पीएसआय (हेही दाबाचं माप) दाब पुरतो आणि 3 बार म्हणजे 43 पीएसआयच्या वर. एवढ्या दाबापुढे कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधली, पेट्रोल अडवणारी सुई जागेवर टिकत नाही, पेट्रोल उतू जातं आणि खाली तापलेलं इंजिन असतं. हा पंप मी बसवणार नाही, असं त्यांना तिथेच सांगितलं.

मग डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी, ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर, पातळ, आणि पेट्रोलचा उग्र वास. इंजिनाच्याच फिरण्यावर चालणारा जुना मेकॅनिकल पंप सोडवून उघडला. पेट्रोल ढकलणारा रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, मधोमध तडकला होता. चढावर इंजिनाला पेट्रोल अपुरं पडत होतं आणि उरलेलं ऑइलमध्ये उतरत होतं. अशा ऑइलवर गाडी चालवली तर बेअरिंगची वाट लागते, म्हणून ऑइल आणि फिल्टर बदलणं आलंच.

पुढे बदलीसाठी दोन मेकॅनिकल पंप समोर आले. बोल्टची भोकं तीच, पाइपांची तोंडं तीच. बघणाऱ्याला जुळे वाटावेत. जुन्या पंपाशेजारी ठेवून बारीक माप घेणारा व्हर्नियर लावला, तर एकाचा लिव्हर काही मिलिमीटर लांब निघाला. एवढ्याशा फरकाने काय होतं? कॅम, म्हणजे लिव्हर हलवणारा इंजिनातला फिरता उंचवटा, लिव्हरला प्रमाणाबाहेर दाबतो, डायफ्राम ताणला जातो, कधी लिव्हरच तुटतो. आखूड असेल तर स्ट्रोक, म्हणजे डायफ्रामची हालचाल, अपुरा. म्हणूनच पंपाखालचा, इंजिनाची उष्णता अडवणारा इन्सुलेटर ब्लॉक आणि पॅकिंगही मूळ जाडीचंच लागतं. जुळणारा पंप निवडला, तोही इथेनॉलमिश्रित पेट्रोल सोसणाऱ्या डायफ्रामचा. जुन्या प्रतीचं रबर त्यात फार टिकत नाही.

"मग कमी दाबाचा इलेक्ट्रिक का नको?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. चालतो, पण तो टाकीजवळ बसवावा लागतो आणि इंजिन बंद पडताच पंप बंद करणारा स्विच हवाच. नाहीतर अपघातात इंजिन थांबतं आणि पंप मात्र पेट्रोल ओतत राहतो. मेकॅनिकल पंप इंजिनाबरोबरच थांबतो. या गाडीला मला तोच योग्य वाटला.

इंजिन हाताने फिरवून कॅमची उतरती बाजू लिव्हरकडे आणली, मग बोल्ट आवळले. भेगाळलेले रबरी पाइप बदलले. दाब मोजणारं गेज लावून गाडी सुरू केली. काटा 5 पीएसआयच्या आसपास स्थिरावला. गृहस्थ शेजारी बसले आणि आम्ही गाडी तडक चढावर घातली.