'प्लस'वाल्या गोळीत नेमकं काय असतं

इंदूरच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ उभं राहा, "तो प्लसवाला पत्ता द्या" असं कुणीतरी म्हणतंच. गोळ्यांच्या त्या पत्त्याच्या मागे बारीक अक्षरांत दोन नावं असतात: एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. एका गोळीत दोन औषधं, आणि दोघांची चाल अगदी उलटी. पहिलं दोन-तीन आठवड्यांनी गुण दाखवायला लागतं आणि महिनोन्‌महिने घ्यावं लागतं. दुसरं तासाभरात गुण दाखवतं आणि महिन्याच्या आत बंद होण्याच्या मार्गाला लागलं पाहिजे. नैराश्यावरच्या औषधांबद्दल घराघरांत जे गैरसमज आहेत, 'सवय लागते', 'गुंगी येते', 'सोडली की आधीपेक्षा वाईट होतं', त्यातले निम्मे तरी या जोडगोळीने पसरवलेत, असं माझं मत आहे.

आधी एस्सिटालोप्राम. मेंदूतल्या एका पेशीने सिरोटोनिन (पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन) सोडलं की ते परत आत ओढून घेणारा एक पंप असतो. हे औषध तो पंप अडवतं. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन ही त्याच घराण्यातली. नेहमीच्या डोसला सुमारे ८० टक्के पंप अडतात आणि ते पहिल्या काही दिवसांतच होतं. तरीही मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे जातात, कारण बाहेर साचलेल्या सिरोटोनिनशी पेशींना जुळवून घ्यावं लागतं. त्यांच्यावरचे काही ब्रेक हळूहळू सैल होतात, पेशींमधल्या जोडण्या बदलतात. या जुळवाजुळवीत नेमकं कशामुळे बरं वाटतं यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. 'सिरोटोनिन कमी पडलं म्हणून नैराश्य आलं' ही सोपी गोष्ट मात्र आता सोडून द्यावी. २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी जुन्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला, त्यात तिला भक्कम आधार सापडला नाही. ती बातमी फिरली तेव्हा अनेकांनी 'म्हणजे गोळ्याही थोतांड' असा अर्थ काढला. ते बरोबर नाही. औषध उपयोगी आहे की नाही हे खऱ्या आणि खोट्या, म्हणजे आत औषधच नसलेल्या, गोळीची तुलना करून ठरतं, आणि २०१८ च्या एका मोठ्या विश्लेषणात ५२२ चाचण्या एकत्र केल्या तेव्हा तपासलेली २१ च्या २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक मध्यम होता, चमत्कार नव्हता. अमेरिकेतल्या 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासात पहिल्याच औषधाने पूर्ण बरे झालेले लोक साधारण एक तृतीयांश होते. तेव्हा पहिलं औषध बदलावं लागलं, तर डॉक्टर चुकले असं धरायचं कारण नाही.

पहिले दहा दिवस सगळ्यांत अवघड, कारण फायदा दिसायच्या आधी त्रास दिसतो. शरीरातलं बहुतेक सिरोटोनिन आतड्यात असतं, म्हणून मळमळ आणि पातळ शौच. डोकं दुखतं, झोप तुटते, काहींना आतून चुळबुळ सुटते आणि घाबरेपणा उलट वाढतो. उपाय साधा आहे: पहिले सहा-सात दिवस ५ मिलिग्रॅम, मग १०. सर्ट्रालीन असेल तर २५ ने सुरुवात करून ५०. घाबरेपणाचा आजार असेल तर तिथे आणखी सावकाश. गोळी रिकाम्या पोटी न घेता नाश्त्याबरोबर घ्यावी, मळमळ बरीच कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी, सुस्ती येत असेल तर रात्री. ठरलेल्या डोसवर चार आठवड्यांत काडीचाही फरक नसेल तर डोस वाढवायचा की औषध बदलायचं हे तेव्हा बोलावं, आठव्या दिवशी नाही.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे या सुरुवातीच्या काळात घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं. मनातली उदासी तशीच असते आणि अंगात चलबिचल मात्र वाढते, तेव्हा आत्महत्येचे विचार जोर धरू शकतात. असं काही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास चालते. गोळ्यांचा साठाही घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात असू द्यावा. आणि अगदी उलट चित्र दिसलं, म्हणजे झोप तीन तासांवर आली, तरी उत्साह उतू जातोय, पैसे उधळले जातायत, तर ते 'बरं होणं' नव्हे. तो नैराश्य आणि उन्माद आलटूनपालटून येणारा द्विध्रुवी आजार असू शकतो, आणि नुसती नैराश्याची गोळी त्याला आणखी भडकवते.

आता क्लोनाझेपाम. हे मेंदूतल्या 'गाबा' या शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देतं. छातीतली धडधड, झोपेची तडफड तासाभरात बसते. वर सांगितलेले सुरुवातीचे अवघड दिवस निभवायला त्याची जोड देणं यात काही गैर नाही. गैर आहे ते पुढे चालू राहणं. महिना-दोन महिने रोज घेतलं की मेंदू त्याला धरून बसतो. मग तेवढ्याच डोसने झोप लागत नाही, आणि एकाएकी सोडलं तर झोप साफ उडते, हात थरथरतात, घाम फुटतो, क्वचित फीटही येते. म्हाताऱ्या माणसांत तोल जाऊन पडणं आणि विसरभोळेपणा हे वेगळंच. रात्री आजी बाथरूमला उठली, पडली, खुब्याचं हाड मोडलं, यामागे हा अर्धा मिलिग्रॅम असू शकतो. दारूबरोबर तर अजिबात नको. दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

जोडगोळीत होतं ते असं. पहिल्याच रात्री छान झोप लागते, पेशंटला वाटतं गोळी लागू पडली. खरं काम करणारं औषध अजून जागं व्हायचं असतं. मग तो एक तर आठ-दहा दिवसांत 'आता बरा आहे' म्हणून बंद करतो, किंवा जुन्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षं घेत राहतो. एस्सिटालोप्राम वाढवायचं ठरलं तर क्लोनाझेपामही आपोआप दुप्पट होतं. क्लोनाझेपाम कमी करायला गोळी अर्धी केली तर एस्सिटालोप्रामही निम्म्यावर येतं, आणि परत आलेली उदासी बघून घरचे म्हणतात, 'बघा, हिला या गोळीशिवाय चालत नाही.'

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: दोन्ही सुटी लिहून द्याल का? सुट्या गोळ्या सगळीकडे मिळतात, आणि दवाबाजारच्या, म्हणजे औषधांच्या मोठ्या बाजारपेठेच्या, इंदुरात न मिळण्याचा प्रश्नच नाही. मग एस्सिटालोप्रामला हात न लावता क्लोनाझेपाम उतरवता येतं: ०.५ वरून ०.२५, दोन आठवडे थांबून ०.२५ ची अर्धी, पुन्हा दोन आठवडे, मग बंद. वर्षभर किंवा जास्त चाललं असेल तर पायऱ्या आणखी लहान आणि थांबे मोठे. पायरी उतरल्यावर दोन-चार रात्री झोप बिघडणारच. तेवढ्यावर घाबरून परत वर चढू नये.

एस्सिटालोप्राम कधी सोडायचं? पहिलाच झटका असेल तर पूर्ण बरं वाटायला लागल्यानंतर किमान सहा ते नऊ महिने. गोळी सुरू केल्यापासून मोजायचं नाही. बरं वाटल्यापासून मोजायचं. दोन-तीनदा आजार उलटला असेल तर दोन वर्षं किंवा पुढे. सोडताना लोक सरळ गणित करतात, २० वरून १०, १० वरून ५, ५ वरून शून्य. मेंदूत तसं घडत नाही. २० वरून १० वर आलात तरी अडलेल्या पंपांत थोडाच फरक पडतो, पण ५ वरून शून्यावर येणं ही मोठी उडी असते. म्हणून शेवटची पायरी सगळ्यांत हळू: ५, मग २.५, आणि प्रत्येक ठिकाणी दोन ते चार आठवडे. गोळी कापायचं छोटं प्लास्टिकचं यंत्र मिळतं, ते घ्यावं. विळीवर भुगा होतो. एक दिवसाआड घेणं ही तर वाईट युक्ती, कारण एस्सिटालोप्राम सुमारे तीस तासांत अंगात निम्मं उरतं आणि पातळी रोज वरखाली होत राहते. फ्लुओक्सेटीन आठवडे रेंगाळतं, त्याला ते चालतं. याउलट व्हेनलाफॅक्सीन (नैराश्यावरचंच आणखी एक औषध) आणि पॅरोक्सेटीन सोडताना सर्वांत जास्त त्रास देतात. व्हेनलाफॅक्सीनच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कापायच्याही नसतात.

सोडल्याचा त्रास आणि आजार परतणं यांत घोळ करू नका. गोळी थांबवल्यावर दोन-चार दिवसांतच चक्कर, डोकं हलवलं की विजेचा बारीक झटका बसल्यासारखं, भडक स्वप्नं, चिडचिड, आणि गोळी परत घेतल्यावर एक-दोन दिवसांत सगळं गायब: हा सोडल्याचा त्रास. आजार परततो तो सहसा आठवड्यांनी-महिन्यांनी, हळूहळू, आणि त्यात विजेचे झटके नसतात.

दुसऱ्या औषधांशी भांडण कुठे होतं ते पाहू. कंबर धरली की हाडांचे डॉक्टर ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी देतात. नैराश्याच्या गोळीबरोबर ट्रामाडॉल गेलं तर सिरोटोनिन अति होऊन घाम, थरथर, ताप, जुलाब आणि तगमग होऊ शकते, फीटचाही धोका. कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फान त्याच यादीतलं. डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी किंवा अ‍ॅस्पिरिन जोडीला असेल तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन टाळतात, कारण ती टॅमॉक्सिफेनचं काम अडवतात.

पासष्टीपुढच्यांची एक खास भानगड आहे: रक्तातलं सोडियम. रक्तदाबाच्या पुष्कळ गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं, ते सोडियम घटवतं. नैराश्याची गोळीही घटवते. १३५ च्या खाली घसरत गेलं की आजोबा गळून जातात, बरळतात, चालताना झोकांड्या खातात. घरच्यांना वाटतं नैराश्य वाढलं, आणि डोस वाढवून मागितला जातो. सुरू करण्याआधी एकदा आणि दोन आठवड्यांनी एकदा सोडियम तपासलं की प्रश्न मिटला. या वयात एस्सिटालोप्राम सहसा १० च्या वर नेत नाहीत.

अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम अर्धशिशीसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी देतात. घरी येऊन मोबाइलवर नाव शोधलं की 'नैराश्याचं औषध' असं येतं आणि रुसवेफुगवे सुरू होतात. नैराश्यासाठी तीच गोळी कितीतरी मोठ्या डोसला लागते, तेव्हा काळजी नसावी. तिचा साठा मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नका, जास्त डोस थेट हृदयावर जातो.

ओलांझापीन हे भास, संशय आणि उन्माद यांवरचं औषध. त्याने भूक खवळते. सुरू करतानाच वजन, कंबर, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी नोंदवून ठेवावी, मग तीन महिन्यांनी पुन्हा. रोज पोहे-जिलबी आणि रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत चक्कर हा क्रम असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगितलेलं बरं, पर्याय असतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात ओलांझापीन आणि त्याच प्रकारचं क्लोझापीन लवकर संपतात, म्हणून त्याने व्यसन सोडलं की तोच डोस अचानक जड होतो. क्लोझापीनवाल्यांनी तर सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांशी बोलावंच.

आता लिथियम, कारण आपल्याकडचा उन्हाळा. द्विध्रुवी आजारावर हे जुनं आणि अजूनही उत्तम औषध. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा गुण दाखवला. पण रक्तातली फायद्याची पातळी ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर) आणि विषाची १.५ च्या पुढे, म्हणजे मध्ये जागा फारच कमी. मूत्रपिंड लिथियमला जवळजवळ मिठासारखंच वागवतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ते मीठ राखून ठेवायला लागतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही राखतं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, ज्येष्ठात वटपौर्णिमा आणि निर्जळा एकादशी येते, त्यात कुणीतरी रक्तदाबासाठी मीठ तोडलेलं असतं. अशा दिवसांत तोच रोजचा डोस अंगावर येतो. निर्जळी उपास लिथियमवाल्यांनी करू नये, आणि मीठ एकाएकी तोडू नये. उलट्या-जुलाब लागले तर तो डोस थांबवून डॉक्टरांना फोन करावा, ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात घालून घोट घोट घ्यावं आणि पातळी तपासावी. हाताची बारीक थरथर नेहमीची. कप सांडेल इतकी थरथर, अडखळतं बोलणं, डुलत चालणं ही विषाची खूण, तेव्हा थेट इस्पितळ. दुखण्यावरची आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक, रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल, आणि वरचं हायड्रोक्लोरोथायाझाइड, सगळी लिथियमची पातळी चढवतात. अंगदुखीला पॅरासिटामॉल घ्यावं.

लिथियमच्या पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. रात्री नऊला घेतली तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी त्यानंतर. आधी घेऊन गेलात तर आकडा फुगून येतो आणि डोस विनाकारण कापला जातो. डोस बदलल्यावर पाच ते सात दिवस थांबून तपासावं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइड दर सहा महिन्यांनी.

राहिली रंगपंचमी. इंदुरात राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते आणि ठंडाईत भांग असतेच. ओलांझापीन, त्याच प्रकारचं रिस्पेरिडोन, लिथियम यांवर असलेल्या माणसाला भांगेने भास, संशय किंवा उन्माद परत येऊ शकतो. अमिट्रिप्टिलीनवर असलेल्याच्या हृदयाचे ठोके भलतेच वाढू शकतात. 'आज एक दिवस गोळी नको, भांग घेतली तर चालेल' हा हिशेब दोन्हीकडून चुकतो, कारण ओलांझापीन आणि लिथियम एका दिवसात अंगातून जात नाहीत. ठंडाई घ्यायची असेल तर घरी केलेली, भांगेशिवाय, आणि रात्रीची गोळी ठरल्या वेळी.