लिरा गेला, कर्ज राहिलं

इटलीतल्या तुरीनमध्ये साठी ओलांडलेल्या कुणाशीही महागाईचा विषय काढा, पाच मिनिटांत युरोला शिव्यांची लाखोली सुरू होते. लिरा हे इटलीचं जुनं चलन; एक युरो म्हणजे १९३६.२७ लिरा, हा आकडा इथल्या पेन्शनरांना अजून तोंडपाठ आहे. २००२ साली नोटा बदलल्या तेव्हा दुकानदारांनी हजार लिराच्या वस्तूवर एक युरोची चिठ्ठी लावली आणि आमचा खिसा निम्मा झाला, हे इथलं लाडकं गाऱ्हाणं. महागाईच्या सरकारी आकड्यांत ते एवढं दिसत नाही, पण हे समजावत बसलं तर कॉफी थंड होते. मला दुसरीच गोष्ट जास्त मोठी वाटते: युरोने इटलीचं कर्ज स्वस्त केलं आणि इटलीचा माल महाग केला.

आधी माल. मी वाहन उद्योगात काम करते, आणि तुरीन म्हणजे फियाटचं गाव. (रांजणगावच्या कारखान्यामुळे पुणेकरांना हे नाव नवं नाही.) लिराच्या काळात इटलीत मजुरी आणि महागाई जर्मनीपेक्षा वेगाने वाढायची. माल महागला, निर्यात अडली की काही वर्षांनी लिरा घसरायचा आणि हिशेब पुन्हा जुळायचा. सप्टेंबर १९९२ मध्ये सट्टेबाजांच्या माऱ्यापुढे लिराला युरोपच्या विनिमय दर व्यवस्थेतून, म्हणजे चलनांचे आपसातले दर ठरलेल्या मर्यादेत ठेवायच्या करारातून, बाहेर पडावं लागलं. त्या उन्हाळ्यात एका जर्मन मार्कला साधारण ७६५ लिरा पडत. १९९५ च्या वसंतात बाराशेच्या वर. ईशान्य इटलीतल्या व्हेनेतोमधल्या चष्म्याच्या फ्रेमा, बूट, फर्निचर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांची त्या वर्षांत चंगळ झाली. आपल्याकडे जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत रुपया १८-१९ टक्क्यांनी खाली आणला, तोच हा उपाय. आयात महागते, बचत झिजते, पण कुणाच्या हातात कमी पगाराचं पत्र द्यावं लागत नाही.

१९९९ मध्ये लिराचा दर युरोशी कायमचा बांधला गेला (नोटा आल्या २००२ मध्ये) आणि ही वाट बंद झाली. नेमकं तेव्हाच जर्मनीतल्या कामगार संघटनांनी पगारवाढीला आवर घातला, आणि २००३ पासून तिथले चॅन्सेलर श्र्योडर यांच्या कामगार बाजारातल्या सुधारणा आल्या. युरोच्या पहिल्या दशकात तिथे एक वस्तू बनवण्यामागचा मजुरीचा खर्च जवळपास जागचा हलला नाही. इटलीत तो चतुर्थांशाहून जास्त वाढला. आणि तरी इटालियन कामगार श्रीमंत झाला नाहीच! महागाई वजा केली तर इथले पगार तीस वर्षं जवळपास तिथेच आहेत. माणशी उत्पादनच वाढलं नाही. घरच्या घरी चालवलेले छोटे कारखाने, संशोधनावर खर्च करायची तयारी नाही, त्यात २००१ नंतर चिनी मालाची लाट. युरोने हे दुखणं दिलं नाही. दर काही वर्षांनी घेतली जाणारी वेदनाशामक गोळी तेवढी काढून घेतली. जर्मनीला मात्र मार्क एकटा असता तर मिळालं नसतं इतकं स्वस्त चलन आयतं मिळालं. २००७ मध्ये नवी फियाट ५०० तुरीनमध्येच मोठ्या थाटात लोकांपुढे आली. बनत होती पोलंडमध्ये, जिथे मजुरी कमी आणि चलन आजही झ्लॉटी.

आता कर्ज. युरोत यायला मास्ट्रिक्ट कराराची अट होती: सरकारची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्के, कर्ज ६० टक्के, त्याहून जास्त नको. इटलीचं कर्ज त्याच्या दुप्पट, तरी ‘कमी होतंय’ म्हणून आत घेतलं. तूट या अटीत बसवायला पंतप्रधान प्रोदी यांच्या सरकारने चक्क ‘युरोपसाठीचा कर’ लावला आणि पुढे त्यातला ६० टक्के परतही केला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय उत्पन्नाचे ११-१२ टक्के नुसत्या व्याजात जायचे; युरोमुळे व्याजदर उतरले आणि २००५ च्या सुमारास ते पाचच्या आत आले. एवढी रक्कम दरवर्षी वाचली. ती कर्जात भरायची की नाही? व्याज सोडून जी शिल्लक पडायची तीही २००५ पर्यंत जवळपास संपवली, आणि कर्ज १२० टक्क्यांवरून कसंबसं शंभरच्या थोडं वर आलं. याचा दोष ब्रुसेल्सला, म्हणजे युरोपियन युनियनला, देणाऱ्यांशी माझं पटत नाही.

बिल आलं २०११ मध्ये. कर्ज आता रोम छापू शकत नाही अशा चलनात होतं, आणि ग्रीसनंतर पाळी इटलीची, असं बाजाराला वाटू लागलं. जर्मनीच्या आणि इटलीच्या दहा वर्षांच्या रोख्यांच्या व्याजातला फरक, इथले सगळे त्याला ‘स्प्रेड’ म्हणतात, नोव्हेंबरमध्ये साडेपाच टक्क्यांवर गेला. पंतप्रधानपदावरून बेर्लुस्कोनी गेले, मारिओ मोंती आले. पेन्शन सुधारणांची जबाबदारी तुरीन विद्यापीठातल्या प्राध्यापक एल्सा फोर्नेरो यांच्यावर आली. महागाईप्रमाणे पेन्शन वाढणार नाही हे पत्रकार परिषदेत सांगताना ‘त्याग’ या शब्दापाशी त्यांना रडू कोसळलं. लिरा पाडता येत नाही तेव्हा काटछाट कुठे होते, ते देशाने त्या दिवशी टीव्हीवर पाहिलं. जुलै २०१२ मध्ये युरोपियन सेंट्रल बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी युरो वाचवायला लागेल ते करू असं जाहीर केलं आणि स्प्रेड उतरू लागला. त्यासाठी रोखे खरेदीची जी खास योजना आखली, ती वापरायची वेळच आली नाही.

घरून विचारतात, मग भारतात एवढ्या राज्यांचा एकच रुपया कसा चालतो? बिहारलाही रुपया पाडता येत नाही. पण महाराष्ट्रातून गोळा झालेल्या केंद्रीय कराचा वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने बिहारला जातो. आपण त्यावर कुरकुरतो, तरी तो जातो. बिहारचा माणूस भाषेची परीक्षा न देता पुण्यात कामही करतो. युरोपियन युनियनचं बजेट मात्र सगळ्या देशांच्या उत्पन्नाच्या एका टक्क्याच्या आसपास. अपवाद एकच मोठा: कोविडनंतर २०२० मध्ये सगळ्यांनी मिळून ७५० अब्ज युरोचं सामायिक कर्ज काढायचं ठरवलं, आणि त्यातले सुमारे १९० अब्ज, अनुदान आणि कर्ज धरून, एकट्या इटलीच्या वाट्याला आले. ती योजना २०२६ पर्यंतच आहे. तसं कर्ज पुन्हा काढावं असं रोमला वाटतं. बर्लिन आणि हेगला, म्हणजे जर्मनी आणि नेदरलँड्सला, नाही.