मायच्या वाटचे काम

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका सकाळी, चोपडा तालुक्यातील आमच्या घरी, मायच्या उजव्या हातातून चहाची कपबशी निसटली आणि ती काही सांगू पाहत असताना तोंडातून नुसते अस्पष्ट आवाज येऊ लागले. 'लकवा मारला' हे शेजाऱ्यांनीही ओळखले. परंतु गाडी काढण्याऐवजी कबुतराचे रक्त चोळणाऱ्या माणसाचा पत्ता सांगण्यात काही जण गुंतले आणि त्यांचे ऐकत आम्ही जवळजवळ एक तास घालवला. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव नाही हे दिसल्यावरच. जळगाव गाठून ती वेळ आम्ही कशीबशी साधली, तरी तो गेलेला तास मला आजही बोचतो.

११ व्या दिवशी माय घरी आली. उजवे अंग लुळे होते आणि वाचा गेली होती, कारण इजा मेंदूच्या डाव्या बाजूला झाली होती. आमच्या धाब्याच्या घराचा उंच उंबरठा, अंगणापलीकडचा संडास आणि तिची आवडती दोरीची बाज, या साऱ्या गोष्टी एकाएकी अडचणीच्या ठरल्या. बाजेला झोळ असतो, त्यात कूस बदलता येत नाही आणि उठून बसणे तर अशक्यच. म्हणून पाय जमिनीला टेकतील अशा उंचीचा कडक पलंग आणि शेजारी कमोडची खुर्ची आणली. दर २ तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे रुग्णालयात सांगितले होते. मात्र रात्री ते कोण करणार, हा प्रश्न घरी आल्यावरच उभा राहिला. पहिल्या महिन्यात माझ्या पत्नीची कंबर धरली, तेव्हा कुठे आम्ही भावांनी रात्री वाटून घेतल्या. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते.

भेटायला येणारी मंडळी प्रेमाने मायचा उजवा हात धरून तिला उठवू लागत. लुळ्या हाताचा खांदा स्नायूंच्या आधाराविना सैल झालेला असतो, तो ओढल्याने सांधा सरकतो आणि मग दुखणे महिनोन्‌महिने राहते. फिजिओथेरपिस्टने कमरेला पट्टा बांधून, खुर्ची चांगल्या बाजूला ठेवून उठवायला शिकवले, आणि मी येईल त्याला ते समजावत राहिलो. गिळण्याचेही तसेच. पातळ पाण्याने तिला ठसका लागे आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेलेला घोट न्यूमोनियाला कारण ठरू शकतो. त्यामुळे सरळ बसवून, चमच्याने, घट्टसर पेज, कुस्करलेले केळे आणि मऊ खिचडी देत होतो व जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देत नव्हतो. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, पाणी मागणाऱ्या माणसाला ते चमच्याचमच्याने देणे फार कठीण असते.

आमची खरी चूक वेगळीच होती. मायेपोटी तिचे प्रत्येक काम आम्ही करून टाकत होतो. रुग्णसेविका पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत आलेल्या मावशीही १२ तास तिला भरवत, पुसत, केस विंचरत. माय मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली आणि कारणाशिवाय रडू लागली. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि त्यावर उपचार असतात, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आम्ही ते 'हळवेपण' समजत होतो. मावशींना दोष देणार नाही. त्यांना कोणी काही शिकवलेच नव्हते. फिजिओथेरपिस्टने त्यांना आमच्याबरोबर बसवून शिकवल्यावर त्याच मावशी मायच्या हाती घास देऊन धीराने थांबू लागल्या. मेंदूचे शाबूत भाग हरवलेले काम पुन्हा शिकतात, पण ते काम वारंवार करूनच. पहिल्या काही महिन्यांत हा वेग सर्वाधिक असतो, आणि त्याच महिन्यांत आम्ही तिचे हात रिकामे ठेवले होते.

गेल्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेजारच्या लेकी माहेरी आल्या, निंबाला झोके बांधले आणि गौराईची गाणी सुरू झाली. 'हो' म्हणतानाही अडखळणारी माय खिडकीशी बसून त्या गाण्याची अख्खी ओळ म्हणाली. गाण्याचा बराचसा व्यवहार मेंदूच्या उजव्या बाजूला चालतो, म्हणून बोलणे गेले तरी गाणे उरू शकते, असे वाचा-उपचारतज्ज्ञांनी नंतर समजावले आणि त्याच चालीवर रोजचे शब्द म्हणवून घ्यायला सुरुवात केली.

आता ती कापसाच्या वाती वळते. उजव्या हाताने कापूस दाबून धरते आणि डाव्या हाताने वळते. वाती जाडजूड होतात, पण देवापुढे त्याच लागतात. काल दुपारी तिने मला हाक मारली आणि 'च… च…' करत थांबली. चहा हवा असेल म्हणून मी उठत होतो, तोच मावशींनी खुणेने मला बसवले. बराच वेळ गेला. माय म्हणाली, 'चष्मा'.