तिथीची पाऊणपट

दत्तजयंतीच्या दुपारी आमची बोट मुंबई बंदरातल्या सन्क रॉकच्या दीपस्तंभापासून गेटवेकडे परत निघाली आणि तासभर जवळपास तिथेच राहिली. शिडं भरलेली होती, कडेनं पाणी सळसळत होतं, नाळेपुढे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, फेसही उठत होता. पण ताजचा घुमट जिथे होता तिथेच. आम्ही पाच जण एकेक टॅक घेऊन, म्हणजे वाऱ्याच्या तोंडातून बोट वळवत, डावीकडून उजवीकडे जात होतो आणि प्रत्येक फेरीला तोच बोया, खुणेचा तरंगता पिंप, पुन्हा समोर येत होता. शेवटी मदतीच्या बोटीनं दोर टाकला आणि आम्हाला ओढत आणलं. सुकाणूवर मी होते.

शिडाच्या बोटीचं वेड मला 2010 मध्ये लागलं. त्या वर्षी मे महिन्यात कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईत परतले, तेव्हा मी दादरहून फोर्टला बँकेत जात-येत होते. शिकायला सुरुवात मात्र फार उशिरा केली, चाळिशी उलटल्यावर. आमची बोट जे-24, म्हणजे 24 फुटी. वजन सुमारे 1,400 किलो, त्यातलं 430 किलो बुडाखालच्या कीलमध्ये, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या जड पात्यात. त्यामुळे ती सहसा उलटत नाही. पण तिला हलकी होडी समजून चालवलं तर साथही देत नाही. हे मला खूप नंतर उमगलं.

त्या संध्याकाळी माझं डोकं एकाच दिशेनं धावत होतं: शिडं जुनी झाली, नवीन घ्यायला हवीत. त्यापाठोपाठ हातमोजे, बूट, शर्यतीचं घड्याळ अशी यादी मनात तयार होत होती. धक्क्यावर दोर गुंडाळत बसलेल्या तांडेलकाकांनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, “ताई, आज तिथी कुठली?”

“पौर्णिमा.”

“मग भरती कधी होती?”

मला सांगता आलं नाही. काका म्हणाले, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि तीही उधाणाची. हा हिशेब ढोबळ आहे. नेमक्या वेळेसाठी भरतीचं छापील कोष्टक बघायचंच. पण मुंबई बंदरासाठी तो इतका जवळ येतो की आता कालनिर्णयवर रविवार पाहिला की माझी नजर आधी तिथीवर जाते.

त्या दिवशी आम्ही एक वाजता ओहोटीबरोबर मजेत दक्षिणेला उतरलो होतो आणि तीनला परत फिरलो, म्हणजे ओहोटीची ओढ सर्वांत जोरात असताना. पाणी सहा तास एका वेगानं उतरत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाला चार मीटरच्या वर फरक पडतो, तेव्हा मधल्या एकेका तासात मीटरभर पाणी बंदराबाहेर जातं. वर दुपारचा खारा वारा वायव्येकडून, म्हणजे घरी यायचं तर वाऱ्याच्या तोंडावर. तशात नवं शीड काय करणार होतं?

यादी बाजूला ठेवली आणि वर्षभर स्वतःचा हात सुधारण्यावर काम केलं. सगळ्यात जास्त वेळ टॅकला दिला. मी टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, झटक्यात ढकलायचे, बोट गर्रकन वळायची आणि सगळा वेग घालवून बसायची. जड बोटीला वळतानाही आपल्या वजनानं पुढे जाऊ द्यायचं असतं. सुरुवात हळू, शीड पलटताना थोडं जोरात, आणि नव्या बाजूला आल्यावर लगेच वाऱ्याला चिकटायचं नाही. क्षणभर किंचित खाली, म्हणजे वाऱ्यापासून जरा दूर, राहून वेग घ्यायचा, मग वर. जिनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, ओढणाऱ्यानं विंचवर, दोर आवळायच्या चक्रावर, भार येण्याआधीच हातानं भराभर दोर घ्यायचा. एका रविवारी आम्ही सलग वीस टॅक घेतले. पूर्वीचा वेग परत यायला किती सेकंद लागतात ते एक जण मोठ्यानं मोजत होता. पहिल्या टॅकला त्यानं 18 पर्यंत मोजलं, शेवटच्या काही टॅकना 10-11.

जिनोआवर दोन्ही बाजूंनी लोकरीचे धागे चिकटवले, आईच्या उरलेल्या गुंड्यातले, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवे. वाऱ्याकडचा धागा नाचू लागला तर आपण वाऱ्याच्या फार जवळ गेलोय; पलीकडचा नाचला तर फार खाली पडलोय, किंवा शीड जास्त ओढलंय. त्या धाग्यांचा खर्च शून्य, आणि त्यांच्याइतकं मला कशानंच शिकवलं नाही.

खरेदी झाली ती त्यानंतर, आणि यादी पार वेगळी निघाली. आधी बूड साफ करून घेतलं. मुंबईच्या पाण्यात मूरिंगवरच्या, म्हणजे कायमच्या नांगराला बांधून ठेवलेल्या, बोटीला शेवाळ आणि टणक शिंपले फार लवकर धरतात. ते खरवडल्यावर शिडं आपोआप बरी वाटू लागली. मग मुख्य शिडाची हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, बदलली. जुना पॉलिएस्टरचा दोर झोताबरोबर ताणायचा आणि शिडाच्या पुढच्या कडेला सुरकुत्या पडायच्या. डायनीमा या कृत्रिम धाग्याचा दोर फारसा ताणत नाही. मेनशीट, म्हणजे मुख्य शीड आवळायचा-सोडायचा दोर, मात्र पॉलिएस्टरचीच, पण जरा जाड घेतली, कारण ती तासन् तास हातात असते आणि बारीक दोर तळहात कापतो.

लाइफ जॅकेटवर मी सर्वांत जास्त विचार केला आणि प्रत्येकानं करावा असं मला मनापासून वाटतं. 50 न्यूटनचं फोमचं जॅकेट सुटसुटीत; न्यूटन म्हणजे जॅकेट किती जोरानं तरंगवतं त्याचं माप. बूमखालून, म्हणजे मुख्य शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याखालून, वाकून जाताना अडत नाही. पण ते बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर वळवून धरेलच असं नाही. ते पोहता येणाऱ्यांसाठी, मदतीची बोट जवळ असताना. बंदराच्या पलीकडच्या किनाऱ्यावर मांडव्यापर्यंत जायचं किंवा अंधार पडायची शक्यता असेल, तर 150 न्यूटनचं फुगणारं. त्याचं गॅसचं नळकांडं घट्ट बसलंय का हे मी निघण्याआधी दर वेळी हातानं तपासते, आणि मांडीखालचा पट्टा बांधल्याशिवाय कुणाला बोटीवर घेत नाही. नवी शिडं अजून घेतलेली नाहीत.

पुढच्या वर्षी माघी पौर्णिमा रविवारी आली. मुद्दाम त्याच वेळी गेलो, त्याच दीपस्तंभापर्यंत. परतताना खोल पाण्याचा मार्ग सोडून कुलाब्याच्या अंगानं वर सरकलो, तिथे ओढ कमी असते. पण कील सव्वा मीटर खाली आणि पाणी उतरतंय, खाली खडक. म्हणून नकाशात खोली बघून आधीच ठरवलेल्या रेघेवर आलो की टॅक, एक बोटलांबीसुद्धा उशीर नाही. नांगरलेल्या बोटींची तोंडं कुठे आहेत त्यावरून ओढ वाचत होतो. चौदा टॅक झाले. मधे एकदा ताजचा घुमट आमच्या डोलकाठीमागे गेला आणि पलीकडून बाहेर आला, तेव्हा कुणीच काही बोललं नाही.

मूरिंगवर शिडं उतरवेपर्यंत काका छोट्या होडीतून आम्हाला न्यायला आले. त्यांच्या पायाशी ओढायचा दोर गुंडाळून ठेवलेला होता, कोरडा.

“घेऊन ठेवला होता,” ते म्हणाले. “या, ताई, उतरा सावकाश.”