दोन कप शेजारी शेजारी: सोलापुरात कॉफी चाखताना

विजापूर रोडवरच्या कंबर तलावाला सकाळी फेरी मारणारा आमचा बारा जणांचा ग्रुप आहे. फेरी झाली की टपरीवर चहा ठरलेला. कॉफी या मंडळींना अगदीच परकी नव्हती. मराठी घरांत ती जायफळ-वेलची घालून दुधात उकळलेली, पाहुणे आले की किंवा मुलं रात्री अभ्यासाला जागली की. तेलुगू आणि कन्नड घरांत फिल्टरमधून उतरवलेली, वरून ओतून फेस आणलेली. पण बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी बहुतेकांनी कधी तोंडाला लावली नव्हती. बंगळुरूला नोकरीत असताना मला या पेयाचा नाद लागला. सोलापूरला परतल्यावर सारखं वाटायचं, की चिकमगळूर आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे आणि तिथल्या बियांची खरी चव इथं फारशी कुणी घेतलेली नाही. म्हणून गड्ड्याची जत्रा आटोपल्यावरच्या एका रविवारी सगळ्यांना आमच्या गच्चीवर बोलावलं.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की केली होती. नवख्या माणसाला एक कप देऊन ‘काय लागतंय?’ विचारलं, की उत्तर येतं ‘कडू’. दोन कप शेजारी ठेवून ‘यांच्यात फरक काय?’ विचारलं, की तोच माणूस भरभरून बोलायला लागतो. त्यामुळे भाषण नाही, चवींचा छापील तक्ता नाही, आणि ‘यात तुम्हाला संत्रं लागेल’ असं आधी सांगणं तर अजिबात नाही. एकदा संत्रं म्हटलं की सगळ्यांना संत्रंच लागतं.

अरॅबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. बिया बंगळुरूच्या एका रोस्टरकडून, म्हणजे बिया भाजून विकणाऱ्याकडून मागवल्या: चिकमगळूरची धुतलेली अरॅबिका, त्याच भागातली फळासकट वाळवलेली अरॅबिका, कोडगूची रोबस्टा आणि मान्सून्ड मलबार. चारही मध्यम भाजलेल्या मुद्दाम घेतल्या. भाजणीत फरक असला तर माणूस बीची चव सोडून करपटपणाच मोजत बसतो. भाजल्याची तारीख पाकिटावर नसेल तर मी घेतच नाही. अगदी ताज्या भाजलेल्या बीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, तो निघून जायला थोडे दिवस लागतात. उलट दळून ठेवलेली पावडर महिनाभरात मुकी होते.

पाण्याची अडचण मात्र सोलापूरकरांना सांगायला नको. नळाला पाणी रोज नाही, वापरायला बोअर, प्यायला आरओ. ग्रुपमधले अण्णा टॉवेलच्या कारखान्यात डाइंगचं काम बघतात. मी काय करणार आहे हे ऐकल्याबरोबर ते म्हणाले, “ताई, बोअरचं पाणी घेऊ नका. पाणी जड असलं की रंगसुद्धा नीट बसत नाही, तुमची कॉफी काय बसणार?” आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेऊन हजर. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. जड पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारून टाकतात आणि चांगली अरॅबिकाही मातकट, सपाट लागते. निव्वळ आरओच्या पाण्यातही कॉफी पातळ आणि रिकामी लागते, कारण चव ओढून घ्यायला पाण्यात थोडी खनिजं लागतात. अण्णांनी आरओच्या पाण्यात उजनीचं, नळाचं पाणी थोडं थोडं मिसळत मीटर 150 च्या आसपास आणून दिला. त्या दिवशीची कॉफी चांगली झाली, त्यातला मोठा वाटा त्यांचा आहे.

बाकी सामान साधंच. एकसारख्या काचेच्या वाट्या, सूपचे चमचे, सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा आणि हाताने फिरवायची चक्की. मिक्सरमध्ये काही भाग पीठ होतो आणि काही तसाच राहतो, म्हणून चक्कीच हवी. लिटरला 55 ग्रॅम हे जगभर चाखणीसाठी धरलं जाणारं प्रमाण. आमच्या वाटीत 200 मिलि पाणी बसायचं, म्हणून 11 ग्रॅम. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर असल्याने इथं पाणी शंभराच्या जरा आधीच उकळतं. उकळी बसली, मिनिटभर थांबलं, की ते ओतायला योग्य.

सुरुवात कॉफीने केलीच नाही. सगळ्यांच्या हातावर बडीशेप दिली आणि नाक दाबून चावायला सांगितलं. जरा गोडसर, एवढंच कळलं. मग नाक सोडायला सांगितलं. गच्चीवर एकदम ‘अगं बाई!’ झालं. आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बहुतेक घशामागून नाकात चढतं, हे सांगावंच लागलं नाही. त्यानंतर तीन पेले फिरवले: पातळ लिंबूपाणी, मेथ्या भिजवलेलं पाणी आणि गार झालेला कडक कोरा चहा. आंबट, कडू, तुरट. हे पोरखेळ वाटेल, पण नवख्यांसोबत बसताना मी हे कधीच वगळणार नाही. कॉफीतला आंबटपणा आला की माणूस सवयीने त्यालाही ‘कडू’ म्हणून मोकळा होतो. पेले शेजारी असले की तो पुन्हा लिंबूपाण्याचा घोट घेतो आणि स्वतःच स्वतःला सुधारतो.

मग पहिली जोडी, अरॅबिका आणि रोबस्टा. कोरडी पूड हुंगून झाली, पाणी ओतलं आणि चार मिनिटं कुणी वाटीला हात लावायचा नाही. वर पुडीची साय धरते. चार मिनिटांनी नाक वाटीच्या अगदी जवळ नेऊन चमच्याच्या पाठीने ती साय हलकेच मागे लोटायची. त्या क्षणी जो वास येतो तो नंतर येत नाही, म्हणून प्रत्येकाला आपापल्या वाटीवरची साय फोडायला दिली. काकू, आमच्या ग्रुपमधल्या निवृत्त शिक्षिका, वाटीवरून मान वर करेनात. “गुळाची काकवी उकळताना येतो तसा,” त्या शेवटी म्हणाल्या. फेस काढून टाकला आणि दहा मिनिटं उलटल्यावर चमच्याने चाखायला घेतलं.

इथं फुरका मारावा लागतो. जोरात ओढलं की कॉफी जिभेभर पसरते आणि वास नाकात जातो. शिकलेली माणसं इथंच संकोचतात. पण बशीतून चहा पिण्यात हयात गेलेल्या आमच्या काकांनी असा काही फुरका मारला की सगळ्यांची भीड चेपली.

“हे आंबट लागूलालंय की,” ग्रुपमधला सगळ्यात लहान, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा अरॅबिकावर म्हणाला. “आणि ते दुसरं जाड आहे, भाजलेल्या शेंगदाण्यासारखं.” त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तेव्हा मग मी सांगितलं, की रोबस्टात कॅफिन अरॅबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, अरॅबिकात साखर आणि तेलाचा अंश जास्त असतो, आणि भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाच जास्त आहे. कडूपणा सगळा कॅफिनचा, असा समज असतो. तो तसा नाही, कॅफिनचा वाटा थोडाच असतो. बरंचसं कडूपण भाजताना तयार होतं, म्हणून कॅफिन काढलेली कॉफीही कडूच लागते. बारांपैकी चौघांना रोबस्टा जास्त आवडली. मी त्यांना मुळीच समजावायला गेले नाही. कुणाला काय आवडावं हे शिकवायला मी बसले नव्हते.

वाट्या निवत गेल्या तशी खरी मजा आली. गरम असताना सारख्या वाटणाऱ्या चवी कोमट झाल्यावर सुट्ट्या होतात. काकूंना गरम असताना न आवडलेली अरॅबिका निवल्यावर मोसंबीसारखी गोड-आंबट लागायला लागली, आणि त्या पुन्हा पुन्हा त्याच वाटीकडे वळत राहिल्या.

दुसरी जोडी चिकोरीची. तीच अरॅबिका एका वाटीत शुद्ध, दुसरीत तीस टक्के चिकोरी मिसळून. सगळ्यांना घरून आपापलं पाकीट आणायला सांगितलं होतं, ते आता बाहेर काढून मागचा बारीक मजकूर वाचायला लावला. एका पाकिटात चिकोरी जवळजवळ निम्मी निघाली. कायद्याने मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के लागते, म्हणजे बाकीची चिकोरी असू शकते. ही भाजलेली मुळी असते, आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते, तिच्यात कॅफिन नसतं. ती रंग आणि दाटपणा देते, पण आंबटपणा आणि वास झाकून टाकते. अण्णांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चिकोरीचीच फिल्टर कॉफी. ते म्हणाले, “दुधात हीच पाहिजे.” मलाही ते पटतं. दुधात चिकोरीचा दाटपणा टिकून राहतो. फक्त आपण काय पितोय ते ठाऊक असावं.

फळासकट वाळवलेली अरॅबिका सगळ्यात वादग्रस्त ठरली. कॉफीची बी म्हणजे लाल फळातलं बियाणं. गर धुऊन वाळवलं तर चव स्वच्छ येते, फळासकट वाळवलं तर गर आंबत जातो आणि त्याचा स्वाद बीत उतरतो. एका वहिनींनी वाटी खाली ठेवत सांगितलं, “पिकलेल्या बोरांचा वास येतोय, मला नको.” दोघा-तिघांनी मात्र तीच मागून घेतली. ॲसिडिटीला घाबरणाऱ्या काकांना मान्सून्ड मलबार दिली. पावसाळ्यात मंगळूरच्या बाजूला समुद्रावरचा दमट वारा लागू देत बिया ठेवतात, त्या फुगतात, फिकट पडतात आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ जातो. पोटाबद्दल मी कसलीही हमी दिली नाही. जिभेला मात्र ती त्यांना मानवली.

शेवटी परीक्षा. तीन वाट्या, दोनांत एकच कॉफी, तिसरीत वेगळी. वेगळी कोणती ते चिठ्ठीवर लिहायचं, बोलायचं नाही. नुसत्या अंदाजाने बारांत चौघं बरोबर येतात. आमच्याकडे नऊ आले. ज्यांनी ‘मला चवीतलं काही कळत नाही’ म्हणून सुरुवातीलाच हात वर केले होते, त्या वहिनीही त्यात होत्या. चिठ्ठी उघडल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तोवर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी झाकून ठेवली होती. तिखट-लसूण एकदा जिभेवर बसला की पुढचा अर्धा तास चवीचं काम होत नाही. परीक्षा संपली, ताटं निघाली आणि अण्णांच्या वहिनींनी आणलेल्या फिल्टरमधला डिकॉक्शन गरम दुधात पडला. ज्याला साखर हवी त्याने घेतली. काकूंनी त्यात घरून आणलेलं जायफळ किसलं आणि माझ्याकडे बघितलं. मी माझाही कप पुढे केला.

पुढची बैठक ऊन चढायच्या आत, पाडव्याआधी ठरली आहे. त्या वेळी बिया मी आणणार नाही. प्रत्येकाने आपल्या घरातली पावडर छोट्या डबीत आणायची, डबीवर नाव नाही, फक्त नंबर. पाणी अण्णा बघणार आहेत. चक्की घ्यायला तिघं तयार झालेत, त्यांना मी सांगितलंय की आधी माझी आठवडाभर घरी नेऊन फिरवून बघा, मग पैसे घाला.